चौथ्या आवृत्तीतील स्टेल्थ: खांबाआडून बाण मारणाऱ्याला दर पाळीला कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज द्यावा का?

तळघराचा_राखणदार

नमस्कार मंडळी.

आमचा गट अलीकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे आणि नकाशा घेऊन खेळायच्या भूमिका-खेळाच्या चौथ्या आवृत्तीकडे वळला आहे. गटातले बहुतेक खेळाडू पाचव्या आवृत्तीवर वाढलेले आहेत आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पंचाची, जबाबदारी माझ्याकडे आहे. मागच्या सत्रात ऐन लढाईत स्टेल्थच्या, म्हणजे लपण्याच्या, नियमावरून वाद झाला. तात्पुरता निर्णय देऊन मी खेळ पुढे नेला, परंतु पुढच्या बैठकीआधी नियम नेमका काय सांगतो हे समजून घ्यावे म्हणून येथे विचारतो.

प्रसंग असा आहे. एका पडक्या सभामंडपात दगडी खांबांच्या दोन रांगा आहेत आणि नकाशावर प्रत्येक खांब एक पूर्ण घर व्यापतो. मधोमध मोठी शेगडी पेटलेली असल्यामुळे उजेड भरपूर आहे. समोर चार मानवी दरोडेखोर आहेत, त्यांपैकी दोघे धनुर्धर. आमच्या बाजूला तिसऱ्या पातळीचा एक हाफलिंग (बुटक्या जमातीचे पात्र) आहे; त्याचा वर्ग रोग (Rogue, चोरपावलांनी लढणारा), हातात हँड क्रॉसबो, डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ आणि स्टेल्थ +१० (लपण्याच्या वीसपैलू फाशात १० मिळवायचे). त्याच्या खेळाडूचे म्हणणे असे की दर पाळीला खांबामागे जायचे, स्टेल्थचा फासा टाकायचा, बाहेर डोकावून बाण मारायचा, त्यावर कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज (बेसावध शत्रूवरील हल्ल्याला मिळणारा लाभ) आणि स्नीक अटॅकचे जादा नुकसानीचे फासे घ्यायचे आणि पुन्हा आत जायचे, हे सर्व नियमात बसते.

मला हे पटत नाही. ज्या दरोडेखोराने त्याला डोळ्यांदेखत खांबामागे जाताना पाहिले आहे, त्याला तो कोठे आहे हे माहीत आहे. मग त्याच खांबामागून आलेला दुसरा, तिसरा, चौथा बाण त्याला बेसावध कसा गाठेल?

याच लढाईतले आणखी दोन मुद्दे आहेत. एकदा लपलेला हाफलिंग खांबामागून निघून मोकळ्या जागेतून पाच घरे धावत गेला आणि त्याने कट्यारीने वार केला. मी तेथे कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज नाकारला. दुसऱ्या वेळी तो आमच्या फायटरच्या (योद्ध्याच्या) पाठीमागे उभा राहिला आणि “मी याच्या आड लपतो” म्हणाला. तेव्हा पुस्तक उघडले, तर कव्हर (आडोसा) किंवा कन्सीलमेंट (अंधूक उजेडासारखे, दिसणे अवघड करणारे काही) असेल तर लपता येते असे वाक्य सापडले, म्हणून परवानगी दिली. मात्र गटातील दुसऱ्या एका खेळाडूच्या म्हणण्यानुसार हे वाक्य पुढे बदलले गेले आहे. तसे असल्यास सध्याचा नियम कोणता मानावा?

नियमपोथी

राखणदार, आपण पाहिलेले वाक्य २००८ च्या मूळ प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकामधील आहे आणि तो खेळाडू म्हणतो ते बरोबर आहे. पुस्तक जूनमध्ये आले आणि जुलैमध्येच प्रकाशकांनी स्टेल्थचा संपूर्ण परिच्छेद बदलला. दुरुस्त मजकूर २००९ च्या प्लेअर्स हँडबुक २ मध्ये छापलेला आहे. आपल्याजवळ पहिले पुस्तक मूळ छपाईचे असेल तर स्टेल्थसाठी ते पान बाजूला ठेवा आणि दुसऱ्या पुस्तकातले पान उघडा. मूळ मजकुरात साधे कव्हर पुरत असे, आणि जी कृती चोरून करायची तिचाच भाग म्हणून फासा टाकता येत असे. त्यामुळे मित्राच्या पाठीमागे उभे राहूनही लपता येई. वॉरलॉक या वर्गाचा जादूगार तर तीन घरे दूर सरकल्यावर मिळणाऱ्या कन्सीलमेंटच्या जोरावर भर मैदानात नाहीसा होई.

दुरुस्तीने एक गोष्ट मुळापासून बदलली. लपण्यासाठी काय लागते आणि लपून राहण्यासाठी काय लागते, हे दोन वेगळे प्रश्न झाले. आपल्या टेबलावरचा बराचसा वाद हे दोन प्रश्न एकात मिसळल्यामुळे झाला आहे असे मला वाटते, म्हणून ते सुटे करून सांगतो.

लपण्याचा फासा मूव्ह अ‍ॅक्शनच्या, म्हणजे पाळीतल्या हलण्याच्या कृतीच्या, शेवटी टाकायचा. तो टाकण्याचा अधिकार केव्हा मिळतो, तर त्या शत्रूच्या संदर्भात तुम्हांला सुपीरिअर कव्हर (जवळजवळ पूर्ण आडोसा) किंवा टोटल कन्सीलमेंट (मुळीच न दिसण्याइतका आडपडदा) असेल तेव्हा, अथवा तुम्ही त्याच्या दृष्टिरेषेच्या पूर्ण बाहेर असाल तेव्हा. त्या मूव्ह अ‍ॅक्शनमध्ये दोनपेक्षा अधिक घरे चाललात तर फाशातून ५ वजा, धावलात तर १० वजा. हा फासा प्रत्येक शत्रूच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी (फासा न टाकता धरल्या जाणाऱ्या त्याच्या सावधपणाच्या आकड्याशी) स्वतंत्रपणे ताडून पाहायचा, त्यामुळे एकाच फाशावर हाफलिंग एका दरोडेखोरापासून लपलेला आणि दुसऱ्याला स्पष्ट दिसणारा असू शकतो. यश आले तर त्या शत्रूच्या लेखी तुम्ही निःशब्द आणि अदृश्य ठरता. जो शत्रू तुम्हांला पाहू शकत नाही त्याच्यावर कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, आणि त्याने तुमच्या घरावर अंदाजाने वार केलाच तर त्याला ५ वजा होतात.

एकदा लपल्यावर मात्र अट सैल होते. आता सुपीरिअर कव्हरची गरज नाही, थोडेसे का होईना पण कव्हर किंवा कन्सीलमेंट उरलेले असले म्हणजे पुरते. कुजबुजीपेक्षा मोठ्याने बोललात, हल्ला केलात, किंवा आडोसा पूर्णपणे संपला, तर लपणे संपले. एका कृतीत दोनपेक्षा अधिक घरे हललात तर ५ वजा करून नवा फासा टाकावा लागतो. शत्रूही आपल्या पाळीला स्वतः शोध घेऊ शकतो. त्याने टाकलेला फासा तुमच्या आधीच्या स्टेल्थच्या आकड्याच्या वर गेला की तुम्ही सापडलात. आणि या नियमात एक वाक्य असे आहे की दुसऱ्या प्राण्याचा आडोसा धरून लपून राहता येत नाही. म्हणजे फायटरच्या पाठीचा प्रश्न येथेच निकालात निघतो.

पाच घरांच्या धावेचेही उत्तर यातच आहे. धावणे ही एक कृती आणि वार ही दुसरी. ज्या कृतीमुळे लपणे संपते, ती पूर्ण होईपर्यंत लपण्याचे फायदे टिकतात, परंतु त्यापुढे नाही. मोकळ्या जागेत येऊन मूव्ह अ‍ॅक्शन संपली तेव्हाच हाफलिंग उघडा पडला, त्यामुळे नंतरच्या वारावर कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज नाकारला तो नियमाला धरून होता.

राहिला खांबाचा प्रश्न. खांब एका घराचा आहे आणि धनुर्धर बरोबर समोरच्या रांगेत आहे असे धरा. खांबाच्या थेट मागच्या घरात हाफलिंग दृष्टिरेषेच्या बाहेर असतो, म्हणून फासा टाकण्याचा अधिकार त्याला आहे. दुसरा धनुर्धर तिरप्या कोनात असेल तर रेषा काढून पाहाव्या लागतील. त्याच्या घराचा एक कोपरा निवडा आणि तेथून हाफलिंगच्या घराच्या चारही कोपऱ्यांपर्यंत रेषा ओढा. एक-दोन रेषा अडल्या तर साधे कव्हर, तीन किंवा चार अडल्या आणि तरीही बाण पोहोचू शकत असेल तर सुपीरिअर कव्हर. साध्या कव्हरवर त्या दुसऱ्यापासून लपता येणार नाही.

पण त्याच घरातून समोरच्यावर बाणही मारता येत नाही, कारण मध्ये खांब आहे. बाहेर पडायला मूव्ह अ‍ॅक्शन लागते, आणि खांब एकाच घराचा असल्यामुळे एक घर बाजूला सरकताच समोरच्या धनुर्धराच्या संदर्भात बहुधा काहीच कव्हर उरत नाही. म्हणजे बाण सोडण्याआधीच लपणे संपले. जेथे कोन अनुकूल असतो आणि थोडे कव्हर उरते, तेथे बाण लाभासह जातो, परंतु त्या पाळीची मूव्ह अ‍ॅक्शन खर्च झालेली असते आणि परत आत जाऊन लपायला काही शिल्लक राहत नाही. सारांश, साध्या हल्ल्याच्या बळावर हा खेळ फार तर एकाआड एक पाळीला जमतो. बाण मारण्याच्या अरुंद फटीमागे बसलेल्याची गोष्ट निराळी. तेथे सुपीरिअर कव्हरही आहे आणि बाहेरही दिसते, त्यामुळे मूव्ह अ‍ॅक्शन लपण्यासाठी आणि स्टँडर्ड अ‍ॅक्शन (हल्ल्याची मुख्य कृती) बाणासाठी अशी दर पाळीची वाटणी तो करू शकतो.

वीसपैलू

नियमपोथींचे विवेचन अचूक आहे, परंतु त्यात रोग वर्गाच्या एका शक्तीचा हिशेब आलेला नाही आणि तीच येथे निर्णायक आहे. डेफ्ट स्ट्राइक ही पहिल्या पातळीची, हवी तेव्हा वापरता येणारी हल्ल्याची शक्ती आहे आणि तिच्यात हल्ल्याआधी दोन घरे हलण्याची मुभा आहे. हे हलणे हल्ल्याच्याच स्टँडर्ड अ‍ॅक्शनचा भाग आहे. आता वरचे वाक्य पुन्हा वाचा: ज्या कृतीमुळे लपणे संपते, ती पूर्ण होईपर्यंत फायदे टिकतात. खांबामागे लपलेला हाफलिंग डेफ्ट स्ट्राइक वापरून एक घर बाहेर सरकतो, त्याचे कव्हर संपते, पण कृती अजून चालू आहे, म्हणून बाण कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेजसह सुटतो. त्यानंतर त्याची मूव्ह अ‍ॅक्शन शिल्लकच आहे. एक घर मागे, पुन्हा खांबाआड, अंतर दोन घरांच्या आत असल्यामुळे काही वजा नाही, नवा स्टेल्थचा फासा. त्याच कृतीत पुन्हा लपता येत नाही असे नियम सांगतो, पण ही कृती वेगळी आहे.

म्हणजे खेळाडूने हीच शक्ती निवडली असेल तर त्याचे म्हणणे पूर्णपणे नियमात बसते, आणि निवडली नसेल तर बसत नाही. राखणदार, पुढच्या सत्राआधी त्याचा कॅरेक्टर शीट एकदा पाहून घ्या. तिसऱ्या पातळीला त्याच्याकडे फ्लीटिंग घोस्टही असण्याची शक्यता आहे. ती दुसऱ्या पातळीची युटिलिटी (हल्ल्याखेरीजची) शक्ती असून तिच्यात पूर्ण वेगाने चालूनही स्टेल्थच्या फाशातून काही वजा होत नाही. मग लांबच्या खांबामागे जाऊन लपणेही सोपे होते.

या सगळ्याचे मोल किती, तेही सांगतो, कारण दोन्ही बाजूंना त्याचा अंदाज नसतो. कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे हल्ल्याच्या फाशात अधिक २, म्हणजे वीसपैलू फाशावर दहा टक्के. तो कितीही कारणांनी मिळाला तरी २ च राहतो, त्यांची बेरीज होत नाही. खरा फरक स्नीक अटॅकचा आहे: या पातळीला सहापैलू दोन फासे, सरासरी ७, फेरीतून एकदा. हँड क्रॉसबोचा एक सहापैलू फासा आणि डेक्स्टेरिटीचे ४ मिळून सरासरी साडेसात होते. नेम लागण्याची शक्यता एरवी ५५ टक्के धरली तर लपल्याशिवाय दर हल्ल्यामागे चारच्या जरा वर नुकसान होते. लपून मारल्यास ती शक्यता ६५ टक्के आणि सरासरी साडेचौदा, म्हणजे दर हल्ल्यामागे साधारण साडेनऊ. अचूक वर्मी बसलेल्या घावांचा हिशेब येथे धरलेला नाही. दुपटीहून मोठी ही वाढ रोग वर्गाला खैरात म्हणून मिळालेली नाही. त्याचा मूळ मार तोकडा ठेवण्यामागचे गृहीतकच हे आहे की तो बहुतेक फेऱ्यांत हा लाभ मिळवील. तो नेहमी नाकारला गेला तर त्या खेळाडूच्या हातात फायटरपेक्षा नाजूक आणि रेंजरपेक्षा दुबळे पात्र उरते.

आता फाशाची बाजू. हाफलिंगची स्टेल्थ +१० आहे. दरोडेखोराचे पॅसिव्ह पर्सेप्शन १६ धरले तर स्पष्ट वरचढ ठरायला फाशावर ७ किंवा अधिक हवे, म्हणजे ७० टक्के. दोनपेक्षा अधिक घरे चालून आल्यास १२ किंवा अधिक हवे, म्हणजे ४५ टक्के. एका खांबाला चिकटून राहणे त्याच्या सोयीचे आहे ते यामुळेच.

जुना_नकाशेकार

दोन्ही उत्तरे नियमाच्या अक्षराला धरून आहेत. मला राखणदारांच्या मूळ शंकेविषयी लिहायचे आहे, कारण ती अक्षराची नाही, प्रसंगाच्या संभाव्यतेची आहे.

एखादा माणूस कोठे आहे हे माहीत असणे आणि तो दिसणे, या दोन गोष्टी एक नाहीत. खांबाकडे डोळे लावून बसलेल्या धनुर्धरालाही डोके डावीकडून बाहेर येणार की उजवीकडून, वर की खाली, आणि कोणत्या क्षणी, हे माहीत नसते. शिवाय त्याच्यापासून दोन घरांवर फायटर तलवार परजत असतो. नियम ज्याला कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज म्हणतो तो त्या अर्ध्या क्षणाच्या उशिराचा लाभ आहे. त्यामुळे पहिल्या दोन-तीन बाणांबाबत मला काहीच खटकत नाही.

तथापि पाचव्या फेरीलाही तोच खांब, तोच कोन आणि तोच धनुर्धर असेल, तर तेथे नियमाला शरण जाण्याऐवजी दरोडेखोरांना अक्कल द्यावी असे मी म्हणेन. खेळाडूचा लाभ हुकमाने काढून घेणारा डीएम आणि शत्रूकडून डावपेच करवून घेणारा डीएम यांत टेबलावरच्या वातावरणाचा फार मोठा फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात खेळाडू चिडत नाही, तो नवा खांब शोधतो.

धनुर्धर काय करू शकतो? तो आपली स्टँडर्ड अ‍ॅक्शन राखून ठेवू शकतो. येथे बारकाईने पाहावे लागते. चौथ्या आवृत्तीत राखून ठेवलेली कृती इमिजिएट रिअ‍ॅक्शन म्हणून, म्हणजे निमित्त ठरलेली घटना घडून गेल्यानंतर होते. “तो बाहेर आला की मारतो” असे ठरवले तर उपयोग नाही, कारण बाहेर येताना हाफलिंग अजून त्याच्या लेखी अदृश्यच आहे. “तो बाण सोडील तेव्हा मारतो” असे ठरवले तर उपयोग आहे. बाण सुटला, डेफ्ट स्ट्राइकची कृती पूर्ण झाली, लपणे संपले, आणि हाफलिंगची मागे जाण्याची मूव्ह अ‍ॅक्शन सुरू होण्याआधी धनुर्धराचा बाण निघतो. त्या क्षणी हाफलिंगला फार तर साधे कव्हर असते, म्हणजे धनुर्धराला २ वजा. खांब नीट निवडला नसेल तर तेवढेही नाही. अर्थात धनुर्धराने यासाठी आपली सारी पाळी एका हाफलिंगवर खर्च केली, जे बाकीच्या गटाला हवेच असते.

तलवार घेतलेल्या दरोडेखोरांचा उपाय याहून सोपा आहे. त्यांनी खांबाला वळसा घालून हाफलिंगच्या बाजूला येऊन उभे राहावे. आडोसा नाहीसा होतो, त्या शत्रूपासून लपण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि शेजारी शत्रू असताना क्रॉसबो चालवली तर ऑपॉर्च्युनिटी अटॅकला (त्या शत्रूच्या आयत्या वाराला) तोंड द्यावे लागते. बाजूला पोहोचलेल्या दरोडेखोराने “तिसऱ्या खांबामागे आहे” असे ओरडून सांगितले तर धनुर्धराला घर कळेल, परंतु कळल्यामुळे तो दिसू लागत नाही. माझ्या टेबलावर मी ओरडण्याने फक्त घर उघड करतो, कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज काढून घेत नाही. याविषयी प्रत्येक डीएमचे मत वेगळे असू शकते.

आणि शेगडीचा विचार कोणीच केलेला नाही याचे मला नवल वाटते. ती विझली आणि मंडपात अंधूक उजेड उरला तर मानवी डोळ्यांपासून सर्वत्र कन्सीलमेंट मिळते. अंधूक उजेडाचे कन्सीलमेंट साधे असते, म्हणून नुसत्या त्याच्या जोरावर लपता येत नाही. परंतु खांबामागे एकदा लपल्यावर त्याच उजेडातून लपून राहता येते. मग हाफलिंग दोन-दोन घरे सरकत, पुन्हा फासा न टाकता, दरोडेखोराच्या पाठीशी येऊन कट्यार चालवू शकतो. धावत जाऊन जे त्याला मिळाले नाही ते असे मिळते. मात्र दरोडेखोरांच्या जागी गॉब्लिन असते तर हा बेत फसला असता, कारण लो-लाइट व्हिजनमुळे (कमी उजेडात पाहण्याच्या क्षमतेमुळे) अंधूक उजेडाचे कन्सीलमेंट त्यांच्यापुढे चालत नाही. नकाशा आखताना मी उजेडाचे उगम नेहमी विझवता येण्याजोगे ठेवतो, आणि रोग वर्गाचे पात्र गटात असेल तर ते कोठे आहेत हे पहिल्याच वर्णनात सांगून टाकतो.

तळघराचा_राखणदार

सर्वांचे मनापासून आभार. कॅरेक्टर शीट पाहिला. डेफ्ट स्ट्राइक त्यात आहे, फ्लीटिंग घोस्ट नाही. त्या लढाईत खेळाडूने मात्र दर वेळी स्लाय फ्लरिश ही दुसरी शक्ती वापरली होती, त्यामुळे वीसपैलूंच्या युक्तीचा प्रश्न त्या दिवसापुरता उद्भवत नव्हता. पुढच्या सत्रात तो उद्भवणार हे उघड आहे, कारण मी त्याला हे सर्व वाचून दाखवले आहे.

एक गोष्ट अजून समजलेली नाही. त्याने तेव्हा दिलेला एक युक्तिवाद असा होता की पाचव्या आवृत्तीत शेजारी मित्र असला तरी स्नीक अटॅक लागतो, मग येथे लपण्याची एवढी यातायात कशासाठी?

वीसपैलू

कारण येथे तो नियम नाही. पाचव्या आवृत्तीत लक्ष्याचा दुसरा कोणी शत्रू त्याच्यापासून पाच फुटांच्या आत असला आणि तुमच्या हल्ल्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा घेण्याची अट) नसला की स्नीक अटॅक मिळतो, मग तुम्ही लपलेले असा वा नसा. चौथ्या आवृत्तीत कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज असल्याशिवाय तो मिळत नाही, आणि शेजारच्या मित्रामुळे तो मिळवायचा तर फ्लँकिंग करावे लागते, म्हणजे तुम्ही आणि मित्र लक्ष्याच्या बरोबर विरुद्ध बाजूंना हवेत. फ्लँकिंगचा लाभ समीपच्या हल्ल्यालाच आहे. क्रॉसबो घेऊन लांब उभ्या असलेल्या हाफलिंगला तो कधीच मिळणार नाही, म्हणून त्याला खांब लागतो. ढासळून पडलेल्या शत्रूवरही समीपच्यालाच लाभ होतो, लांबून मारणाऱ्याला उलट २ वजा होतात. लपण्याखेरीज दूरच्या रोगला उरतात ते म्हणजे डेझ्ड (भांबावलेले), ब्लाइंडेड (आंधळे), स्टन्ड (सुन्न) किंवा रिस्ट्रेन्ड (जखडलेले) झालेले शत्रू, आणि लढाईच्या प्रारंभी अजून एकदाही पाळी न घेतलेले शत्रू. हे शेवटचे फर्स्ट स्ट्राइक या त्याच्या वर्गवैशिष्ट्यामुळे.

लाभाचे स्वरूपही वेगळे आहे. पाचव्या आवृत्तीतल्या अ‍ॅडव्हान्टेजमध्ये दोन वीसपैलू फासे टाकून मोठा आकडा घेतात, त्यामुळे ११ हवे असताना ५० टक्क्यांचे ७५ होतात आणि २० च हवे असताना ५ टक्क्यांचे जेमतेम पावणेदहा. येथे सपाट २ मिळतात, मग हवा असलेला आकडा कोणताही असो. तुमच्या खेळाडूंच्या अपेक्षा त्या मोठ्या लाभाला सरावलेल्या असणार.

नियमपोथी

याला एवढेच जोडतो की पाचव्या आवृत्तीतही लपण्याचा नियम एक नाही. २०१४ च्या पुस्तकात लपता येईल अशी परिस्थिती आहे की नाही हे बरेचसे डीएमवर सोडलेले होते आणि फासा पॅसिव्ह पर्सेप्शनशी ताडला जाई. २०२४ च्या पुस्तकात स्टेल्थचा आकडा आधी १५ गाठावा लागतो, तीन-चतुर्थांश किंवा पूर्ण कव्हर अथवा दाट आडोसा लागतो, शत्रूच्या दृष्टिरेषेबाहेर असावे लागते, आणि यश आल्यास इन्व्हिजिबल ही स्थिती मिळते. लपण्याची अट कडक आणि तिचे फळ “अदृश्य” या स्थितीच्या रूपात, ही रचना चौथ्या आवृत्तीच्या दुरुस्त नियमाच्या बरीच जवळ जाते. आपले खेळाडू २०१४ च्या पुस्तकावर वाढलेले असतील तर त्यांचा गोंधळ समजण्यासारखा आहे.

तळघराचा_राखणदार

आता शेवटचे विचारतो. वरचे वाचून खेळाडूने लगेच नवा बेत मांडला आहे. धाव आणि वार या दोन कृती म्हणून लाभ गेला, तर तो चार्ज (धावून येऊन हल्ला) करणार. चार्जमध्ये चालणे आणि वार एकाच स्टँडर्ड अ‍ॅक्शनमध्ये येतात. मग खांबामागून मोकळ्या मंडपातून पाच घरे चार्ज करून केलेल्या वारावर कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेज द्यावा लागेल का?

जुना_नकाशेकार

अक्षर पाहिले तर द्यावा लागेल असे माझे मत आहे. लपणे ज्या कृतीने संपते ती पूर्ण होईपर्यंत फायदे टिकतात आणि चार्ज ही एकच कृती आहे. विरुद्ध पक्ष असे म्हणतो की दोनपेक्षा अधिक घरे हलल्यामुळे वाटेतच ५ वजा करून नवा फासा टाकायला हवा आणि तो हरला तर वाराआधीच लपणे संपले. मी स्वतः हा मधला मार्ग घेतो: फासा टाकायला लावतो आणि निकालाप्रमाणे लाभ देतो किंवा नाकारतो. भर उजेडात पाच घरे पळत येणारा माणूस अजिबात न दिसणे मला पचत नाही, आणि फासा टाकून जिंकलेला लाभ कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. कोणताही मार्ग घ्या, पण सत्राच्या सुरुवातीला सांगा, वार झाल्यावर नको.

तुमच्या हाफलिंगच्या बाबतीत हा वाद फार गाजेल असे मात्र वाटत नाही. चार्जच्या शेवटी मेली बेसिक अटॅक (समीपचा साधा वार) करावा लागतो आणि तो स्ट्रेंग्थवर (ताकदीवर) चालतो, डेक्स्टेरिटीवर नाही. त्याची स्ट्रेंग्थ १० असेल तर हल्ल्याच्या फाशात आणि नुकसानीत दोन्हीकडे ४ कमी होतात. चार्जचा १ आणि कॉम्बॅट अ‍ॅडव्हान्टेजचे २ मिळूनही हल्ल्याचा तोटा भरून निघत नाही. प्लेअर्स हँडबुक २ मधील मेली ट्रेनिंग हे फीट (पात्रासाठी निवडायचे खास कौशल्य) त्याने घेतले असेल तरच हिशेब बदलतो. ते नसेल तर त्याने शत्रूपासून तीन घरांच्या आतला खांब गाठावा, तेथे लपावे आणि डेफ्ट स्ट्राइकने दोन घरे पुढे येऊन कट्यार चालवावी. ती शक्ती समीपच्या हत्यारानेही वापरता येते, हल्ला डेक्स्टेरिटीवर होतो, आणि कट्यार वापरणाऱ्या रोगला हल्ल्यात आणखी १ मिळतो.